चालत्या पट्ट्यावरचं टेबल

आमच्या घरात एखादी वस्तू हलली की माझ्या नवऱ्याचा जीव खालीवर होतो. तो रुग्णवाहिका सजवतो. सजवतो म्हणजे झालरी लावत नाही. रिकामी गाडी त्याच्या वर्कशॉपमध्ये येते आणि तो तिच्या पोटात खाट, कपाटं, सिलिंडरचे पट्टे, सलाईनचे हूक असं सगळं बसवून देतो. गाडी कितीही वळो, आदळो, आतलं काही जागचं हलता कामा नये, हा त्याच्या धंद्याचा पहिला आणि शेवटचा नियम. धंद्यात ठीक आहे हो. पण हा माणूस तो नियम घरी घेऊन येतो. आमच्या साखरेच्या डब्याला खटका आहे. फुलदाणीला पट्टा आहे. पाहुणे जेवायला बसताना खुर्ची ओढायला जातात आणि खुर्ची येत नाही, कारण ती जमिनीला स्क्रूने बसवलेली आहे. मग पाहुणे टेबलाखाली वाकून बघतात आणि मला हसू आवरत नाही.

माझं काम याच्या अगदी उलट, माझं सगळं पळतं. टीव्हीवर फुटबॉलचे सामने लागतात तेव्हा समालोचक जे बोलतो ते, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी, पडद्याच्या तळाशी ओळींमध्ये उमटतं. लोकांना वाटतं ते आपोआप उमटतं. डोंबलाचं आपोआप! ते मी घरी बसून उमटवते. कानात समालोचक, बोटांखाली कीबोर्ड. दोन अक्षरं दाबली की 'डाव्या बगलेतून मुसंडी' अख्खी बाहेर पडते, असे माझे ठरलेले संक्षेप आहेत. बोलणं थांबलं की आवाज लिहायचे: शिट्टी, ढोल, प्रेक्षकांचा जल्लोष. ओळींखाली कुणाचं नाव येत नाही, आणि काम कोण करतं ते बाहेर सांगायचं नाही असा कंपनीचा दंडक आहे.

त्यामुळे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका माझे सर्वांत निष्ठावंत वाचक आहेत हे मला ठाऊक होतं, पण त्यांना नव्हतं. काकांनी उभा जन्म छापखान्यात काढला. यंत्रांनी त्यांचे कान नेले, तोंड मात्र शाबूत ठेवलं. अजूनही मागे यंत्र धडधडत असल्यासारखे ते ओरडून बोलतात, आणि समोरचा हळूहळू बोलला तर ओठांवरून बरंचसं ओळखतात. ते पिवळ्या संघाचे भक्त. पिवळा संघ म्हणजे वर्षानुवर्षं हरण्याची परंपरा प्राणपणाने जपणारा संघ. जिन्यात भेटले की मी साळसूदपणे विचारायची, "काका, कालचा सामना कसा झाला?" आणि ते जिनाभर ऐकू जाईल असं सांगायचे, "अगं, तो ओळी लिहिणारा काय लिहितो! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो!" मग मी दोन मजले पिसासारखी चढायची.

आणि मग माझी कंबर आडवी आली. बसून अर्धा सामना झाला की कमरेपासून टाचेपर्यंत कळ निघायची. उपान्त्य सामन्यात ती अशी निघाली की मी टेबल धरून उठले, भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले. उघडले तेव्हा पिवळ्यांनी गोल केलेला होता आणि पडद्याचा तळ कोरा होता. बदली माणसाने सूत्रं हाती घेईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रमुख बाईंचा फोन आला. "एका प्रेक्षकाची तक्रार आलीय. लिहितात, गोलच्या वेळी ओळी गायब होणार असतील तर सामना कशाला दाखवता, मासे दाखवा. काय झालं होतं?"

"कंबर," मी म्हणाले.

"हे बघा, अंतिम सामना मी तुमच्याकडेच ठेवतेय. पण एकदा जरी ओळी तुटल्या ना, तर पुढच्या हंगामापासून सामने त्या बदलीच्या मुलाकडे. तुम्हाला मी कंपन्यांच्या वार्षिक सभा देईन. त्या शांत असतात."

शांत! मी एकदा केली होती वार्षिक सभा. 'अध्यक्षांनी पाणी घेतले' ही त्यातली सर्वांत थरारक ओळ होती. मला सामने हवे होते. ते मैदान, तो समालोचकाचा फाटलेला आवाज, आणि खाली खुर्चीतून उठणारे काका. ते गेलं असतं तर मी पगार घेतला असता, पण काम केलं असं मला वाटलं नसतं. त्या तक्रारखोर प्रेक्षकाला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की त्याला घास गिळता आला नसेल.

कमरेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसू नका." मी म्हटलं, उभी राहीन. म्हणाल्या, "नुसतं उभंही राहू नका. चालत राहा." मी विचारलं, "चालता चालता टाईप कसं करू?" त्या म्हणाल्या, "ते माझ्या शाखेत येत नाही."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई टॅबलेटवर पत्ते खेळत होत्या. त्यांनी मान वर न करता मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. "चालायचं यंत्र आहे की आपल्याकडे. टॉवेल काढा त्यावरचे."

खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने पोट कमी करायला ट्रेडमिल आणली होती. पोट जागेवर राहिलं आणि ट्रेडमिलवर कपडे वाळायला लागले. नवऱ्याचे डोळे चमकले. "तू काही बोलू नकोस," तो म्हणाला. "मी बसवून देतो सगळं."

त्याने बसवलं. ट्रेडमिलच्या दोन्ही हातांवर आडवी फळी, फळीला कीबोर्ड पट्ट्याने आवळलेला, पडदा चार स्क्रूंनी जखडलेला. उजवीकडे सलाईनचा हूक आणि त्याला टांगलेली पाण्याची बाटली. तिच्यातून नळी थेट माझ्या तोंडापाशी. डावीकडे पंखा, चष्म्याची खोबण, रुमालाचा खटका, सासूबाईंनी आग्रह केला म्हणून टॅबलेटचा कप्पा, म्हणजे मी नसताना त्यांना चालत चालत पत्ते खेळता यावेत. आणि शेवटी माझ्यासाठी कमरेचा पट्टा. गाडीतला असतो तसा, क्लिक करून बसणारा.

"अहो, हा कशाला?"

"तू सुटी आहेस ना," तो म्हणाला. "बाकी सगळं बांधलंय."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते असं. तरी मी चढले, पट्टा लावला, बटण दाबलं. पहिलं पाऊल टाकलं आणि ट्रेडमिल थरथरली. ट्रेडमिल थरथरली म्हणून फळी थरथरली, फळी थरथरली म्हणून पडदा थरथरला, आणि पडद्यावरची अक्षरं तापात असल्यासारखी हुडहुडायला लागली. 'बगलेतून मुसंडी'च्या जागी 'बगळ्याची भुसुंडी' असं काहीतरी उमटलं. मला मळमळलं. मी पाणी प्यायला मान वळवली तर नळी नाकात गेली.

"अजून आवळायला हवं," नवरा म्हणाला.

त्याने आवळलं. थरथर वाढली. त्याने आणखी दोन पट्ट्या ठोकल्या. आता पडद्याबरोबर माझे दातही वाजायला लागले. अंतिम सामना रविवारी दुपारी होता आणि शनिवारची सकाळ उजाडली होती. माझा संयम संपला.

"आजार म्हशीला आणि औषध पखालीला!" मी ओरडले. "मला चालायचंय, मला काय दवाखान्यात पोचवताय का? काढा ते सगळं! मी उभ्यानेच लिहीन, पडले तर पडले!"

नवऱ्याचा चेहरा एवढासा झाला. मला लगेच वाईट वाटलं, पण ते बोलून दाखवण्याइतकं नाही. मी बाहेरच्या खोलीत जाऊन जमिनीला ठोकलेल्या खुर्चीत फुगून बसले आणि कळ आल्यावर उठले.

थोड्या वेळाने आतून ट्रेडमिलचा संथ आवाज यायला लागला. जाऊन बघते तर सासूबाई चढलेल्या. त्यांनी टॅबलेट कप्प्यातून काढून शेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता, कट्ट्याच्या कडेला टॉवेलची गुंडाळी, गुंडाळीवर दोन्ही मनगटं, आणि बाईसाहेब रमतगमत चालत पत्ते लावत होत्या. हात जराही हलत नव्हता.

"आई, टॅबलेट तिथे कशाला ठेवलात?" नवऱ्याने विचारलं. "मी कप्पा केलाय ना."

"तुझ्या कप्प्यात राण्या नाचतात रे," त्या म्हणाल्या. "म्हणून भिंतीकडे आणला. ही काय गाडी आहे का? जागची हलते तरी का ती? हलतेय मी. मग पत्ते माझ्याबरोबर कशाला हलायला हवेत?"

नवऱ्याने जाऊन भिंतीवर थाप मारून बघितली. इतकी वर्षं त्याने जे जे हलतं त्यालाच सगळं बांधलं होतं, कारण गाडीत दुसरं काही नसतंच बांधायला. इथे भिंत होती. घरात भिंत असते ही गोष्ट या माणसाच्या लक्षात आली नव्हती! मग तो हसायला लागला, आणि तो हसला की मला राग धरता येत नाही, ही माझी जुनी अडचण आहे.

त्यानंतर दुपारभर घरात ड्रिल चाललं. ट्रेडमिलचे पुढचे हात उतरले. फळी भिंतीत पक्की बसली. तिच्यावर पडदा, कीबोर्ड, ट्रेडमिलच्या बटणांची पेटी, आणि पुढच्या कडेला टॉवेलच्या गुंडाळीच्या जागी त्याने रुग्णवाहिकेच्या खाटेचा उरलेला फोम कापून गुबगुबीत उशी लावली. आधी फळी माझ्या मांडीशी आली, कारण उंची त्याने मला जमिनीवर उभी करून मोजली होती आणि मी चालणार होते ट्रेडमिलच्या उंच पट्ट्यावर. मग फळी वर सरकली. कोपर वाकवून हात टेकले तर अगदी आपोआप टेकले. बाटली हूकवर राहिली, नळी मात्र आता हनुवटीखाली शिस्तीत थांबली. पायात माझे घरातले जुने मऊ बूट. पट्टा एकदम संथ, दुकानांच्या काचा बघत चालावं तसा. मी समालोचकाचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं आणि लिहीत सुटले. कंबर गप्प होती. गप्प! मी नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "छान झालंय हो." त्याने ड्रिल खाली ठेवून कपाळावरचा घाम पुसला.

"एकच करतो," तो म्हणाला. मला ते वाक्य माहीत आहे. "ट्रेडमिल सरकायला नको. तळ जमिनीला बोल्टने आवळतो."

मी त्याला ते करू दिलं. बिचाऱ्याच्या हाताला काहीतरी आवळायला हवं होतं. आवाजाचं म्हणाल तर खाली काका होते, त्यांना कुठला आवाज.

राहिला प्रश्न आणीबाणीच्या दोरीचा. ट्रेडमिलला एक लाल दोरी असते. तिचं टोक आपल्या कपड्याला अडकवायचं, आपण घसरलो की दोरी सुटते आणि पट्टा थांबतो. पण माझ्या कपड्याला अडकवली की मी जरा पुढे झुकले तरी ती सुटायची. म्हणून ठरलं की दोरी सासूबाईंच्या हातात. त्या शेजारी खुर्चीवर बसून सामना बघतील, मी धडपडले तर ओढतील. "माझ्यावर सोडा," त्या म्हणाल्या. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

रविवारी सामना सुरू झाला. निळे विरुद्ध पिवळे. पूर्वार्ध मी चालत चालत सहज लिहिला. माझ्या लक्षात आलं की चालताना वाक्यं तुटत नाहीत. पावलाबरोबर शब्द पडत जातात. उत्तरार्धात निळ्यांनी गोल केला आणि समालोचक सुटला. बोटं धावायला लागली तेव्हा पाय मागे राहतायत असं वाटलं, म्हणून मीच वेग थोडा वाढवला. मग पिवळ्यांनी बरोबरी केली. मी 'गोल' लिहिलं, 'प्रेक्षकांचा जल्लोष' लिहिलं, आणि पाय असे आपटत होते की नवरा दारातून वाकून बोल्ट बघून गेला.

वेळ संपली. जादा वेळ सुरू झाला. इथेच मला भीती होती, कारण इतका वेळ मी गेल्या वर्षभरात सलग काम केलं नव्हतं. कमरेत एक बारीक कळ डोकावली. मी उशीवर हात टेकले, वेग कमी केला, नळीतून पाणी ओढलं, चालत राहिले. कळ थोडा वेळ रेंगाळली आणि गेली. जादा वेळही बरोबरीत संपला आणि पेनल्टी आल्या.

सासूबाई आता खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. "हा पिवळा आपला ना?" त्या मला विचारत होत्या. मी उत्तर देऊ शकत नव्हते. एक गेली, एक अडली, एक खांबाला लागली. शेवटी पिवळ्यांची एक राहिली. ती आत गेली की चषक पिवळ्यांचा. खेळाडू चेंडूपाशी आला. समालोचक कुजबुजायला लागला. आणि सासूबाईंनी "जा रे, जा!" म्हणत दोन्ही हात वर उडवले.

लाल दोरी हवेत गेली. पट्टा थांबला.

माझा एक पाय पुढे, एक मागे. तोल गेला असता, पण मनगटं उशीवर रुतलेली होती. मी थांबले. खोलीतली सगळी थरथर थांबली. 'तो धावतो,' मी लिहिलं. 'मारतो.' आणि मग समालोचकाचा आवाज फाटला आणि मी उभ्या जागी 'गोल' लिहिलं, आणि दोन्ही पायांनी थांबलेल्या पट्ट्यावर लहान मुलीसारखी नाचत राहिले. 'प्रेक्षकांचा जल्लोष.' एकही ओळ तुटली नव्हती.

पाच मिनिटांत प्रमुख बाईंचा फोन आला. "सभा दुसऱ्या कुणाला तरी देते," त्या म्हणाल्या आणि हसल्या. नवऱ्याने मला मिठी मारली. सासूबाई दोरी कुठे गेली ते शोधत होत्या. तेवढ्यात दार धडाधड वाजलं.

दारात काका. केसांवर पांढरा भुगा, अंगात पिवळी बनियन, चेहरा सूर्यासारखा.

"जिंकलो!" ते ओरडले. मग आवाज आणखी चढवून, "आणि तुमच्यामुळे माझं छत पडतंय! दुपारपासून माझा दिवा झोके घेतोय. काय कांडताय काय वर?"

नवरा पांढराफटक पडला. मी काकांना बसवलं आणि हळूहळू ओठ हलवत विचारलं, "ओळी कशा होत्या?"

"ओळी? अगं, माणूस बदललाय त्यांनी! मीच तक्रार केली होती. मासे दाखवा म्हटलं. तो जुना अगदीच कुचकामी झाला होता. दिला वाटतं हाकलून. हा नवा म्हणजे काय विचारू नकोस, एक शब्द सुटला नाही!"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला काय वाटलं ते सांगते: आधी संताप, मग हसू, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी. ज्याला मी इतक्या शिव्या घातल्या होत्या तो हा!

नवरा मात्र दिव्यातच अडकला होता. तो काकांना हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन गेला, जमिनीतले बोल्ट दाखवले, हातवारे करून माफी मागायला लागला. काका बोल्टांकडे बघत होते. मग पट्ट्याकडे. मग भिंतीवरच्या फळीकडे. पडद्यावर माझी शेवटची ओळ अजून तशीच होती.

त्यांनी ती पुटपुटत वाचली. मग पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "सामना सुरू झाला तेव्हा दिवा हलायला लागला. बरोबरी झाली तेव्हा नुसता नाचत होता. आणि त्या शेवटच्या पेनल्टीला," त्यांनी हवेत बोट धरलं, "थांबला. एकदम थांबला. मला वाटलं, दिव्यानेही श्वास धरलाय."

मी मान हलवली. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

"म्हणजे कुचकामी पण तूच?"

"मीच. कंबर दुखत होती."

"मग सांगायचं नाही का, सूनबाई! मी मासे म्हटलं नसतं!" त्यांचे डोळे भरून आले आणि ते ओरडूनच रडले, कारण त्यांना हळू रडणं माहीत नसावं. मीही रडले. सासूबाईंनी दोघांना पाणी दिलं, मला नळीने.

नवऱ्याने खिशातून कागद काढून मोठ्या अक्षरांत लिहिलं: उद्या बोल्ट काढतो. खाली जाड रबर घालतो. दिवा अजिबात हलणार नाही.

काकांनी वाचलं आणि कागदाचा बोळा करून खिशात टाकला.

"खबरदार!" ते म्हणाले. "अरे, इतकी वर्षं पडद्यावर 'जल्लोष' असं लिहून येतं. मी वाचतो. पण जल्लोष होतो म्हणजे काय होतं, ते विसरलो होतो मी. आज दिव्यात दिसला. तो काढून घेऊ नकोस."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. हलणारी वस्तू हलती ठेवायची, असं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी तो स्क्रूड्रायव्हर घेऊन काकांबरोबर खाली गेला. बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा त्याच्याही केसांत पांढरा भुगा होता.

"छताला गिलावा भरून दिला," तो म्हणाला. "हूक आवळला. दिवा पडायचा नाही."

"आणि हलेल?"

तो जरा घुटमळला. "हलेल," तो म्हणाला. "मोकळाच ठेवलाय. तू जरा चालून दाखव, ते खाली बघतायत."

मी बूट घातले.